पाचव्या खांबावरचा दिवा

तुमच्या-आमच्या घरासमोर असतो तसाच तो एक जुना, पिवळा दिवा. पण निवृत्त हेडक्लार्कांच्या फाटकासमोरच्या, पाचव्या खांबावरच्या या दिव्याची तऱ्हाच निराळी. तक्रार करावी, तर वायरमन येईपर्यंत हा छान लागलेला. वायरमनने पाठ फिरवली, की विझलेला!

हेडक्लार्कांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. "मी चहापाणी द्यावं म्हणून हा वायरमनच मुद्दाम दिवा विझवतो!" सारी नोकरी दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेलेली, एकदा संशय आला की तो जातोय कसला? त्यांनी सुवाच्य अक्षरात वायरमनविरुद्ध अर्ज लिहिला. त्या शांत रस्त्यावरच्या एकवीस घरांनी एका सकाळीच सह्या ठोकल्या. काहींनी तर अर्ज वाचलाही नाही.

आठवड्याने पत्नीने विचारले, "अहो, त्याला विझवताना पाहिलंत का तुम्ही?"

"पाहायला कशाला हवं? कळतंय की!"

"मग आज फाटकाशी खुर्ची टाकून बसा. मीही बसते."

संध्याकाळी दोघे बसली. दिवा लागला, हळूहळू उजळला आणि विझला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते! थोड्या वेळाने तो आपोआप पुन्हा लागला. हेडक्लार्कांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

तेवढ्यात खांद्यावर शिडी घेऊन वायरमन आला. हेडक्लार्कांनी त्याला थांबवून विचारले.

"काका, दिवा म्हातारा झालाय. तापला की विझतो, निवला की लागतो. नव्यासाठी तीनदा लिहून दिलं मी."

"मग आधी का नाही बोललास?"

"कुणी विचारलंच नाही. आता शिडी जमा करायला चाललोय. तुमच्या अर्जावरून मला कामावरून काढलंय."

हेडक्लार्कांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. सकाळी त्यांनी दुसरा अर्ज लिहिला : आमची चूक झाली, दिवा बदला, माणूस नको. पुन्हा तीच एकवीस दारे. "आता कशाला त्या भानगडीत पडता?" "उगाच आमचं नाव नको!" दुपारपर्यंत सह्या जमल्या चार. त्यातली एक पत्नीची.

तेवढ्याच घेऊन ते कार्यालयात गेले. "साहेब, खोटा आळ मी घेतला. हवं तर माझ्यावर कारवाई करा, पण त्याची नोकरी घालवू नका!" साहेबांनी फाईल मागवली. वायरमनची तिन्ही पत्रे आत धूळ खात पडली होती.

चार दिवसांनी वायरमन नवा दिवा घेऊन आला. खाली शिडी धरून हेडक्लार्क उभे होते.

नागरिकहो, आळ घेणाऱ्या कागदावर आपण न वाचता सही करतो. तो आळ पुसायचा म्हटलं, की आपला हात जड होतो. म्हणून कोणाकडे बोट दाखवण्याआधी, निदान त्या माणसाला एकदा विचारा!