चाळीस अंशांची बाटली

उबपेटीचं दार उघडून तिने एकशे सतरा नंबरची बाटली उजेडासमोर धरली. काल संध्याकाळपर्यंत तळाला चिकटून बसलेला पेशींचा थर जागोजागी विरला होता. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर पेशी गोल होऊन, सुटून तरंगत होत्या. विषाणू वाढला होता, आणि ही पेटी चाळीस अंशांची होती.

प्रयोगशाळेत अशा दोन पेट्या होत्या. छत्तीस अंशांच्या पेटीत लशीतला दुबळा केलेला विषाणू सुखाने वाढायचा. चाळिसात त्याने मान टाकायची, हीच त्याच्या दुबळेपणाची खूण. लस दिलेल्या पोरांच्या शीचे नमुने नंबर घालून इथे तपासले जात. सव्वीस वर्षं ही गरम पेटी तिच्या ताब्यात होती. सगळे तिला ‘चाळीसवाल्या बाई’ म्हणत. सत्तावन्नाव्या वर्षीही मला कुणी चाळीसची म्हणतंय, आणखी काय हवं, असं ती हसून म्हणायची. आज मात्र ती बाटली घेऊन तडक डॉक्टरांकडे गेली.

पाय लुळे करणाऱ्या तापावरची, तोंडाने द्यायची ही नवी लस डॉक्टरांनी नऊ वर्षं खपून तयार केली होती. ते विद्यार्थी म्हणून आले तेव्हा काचेची नळी कशी धरायची हे तिनेच त्यांना शिकवलं होतं. त्यांनी बाटली पाहिली, पुन्हा पाहिली, आणि नमुन्यांत सरमिसळ झाली असेल, असं म्हणाले. तिच्या हातून तसं कधी झालेलं नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. ताज्या पेशींवर पुन्हा लावून बघायचं ठरलं. तोवर बाहेर अवाक्षर काढायचं नव्हतं.

पुढचे चार दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. लशीची चाचणी पाण्याच्या टाकीमागच्या वस्तीत चालू होती आणि तिथेच तिची लेक राहत होती. सुरुवातीला तिथल्या बायका कां कू करत होत्या, तेव्हा समजवायला तीच गेली होती. "सुईची लस रक्तात पहारा बसवते," तिने सांगितलं होतं. "हे थेंब आतड्यात उतरतात. खरा रोग ज्या दाराने शिरतो, तिथेच पहारेकरी उभे करतात." काही आठवडे हा दुबळा विषाणू पोराच्या शीतून बाहेर पडतो, शेजारच्या पोरांच्या पोटात जातो आणि त्यांनाही फुकटात कवच मिळतं, हेही तिने कौतुकाने सांगितलं होतं. मग सगळ्यांच्या देखत पहिले दोन थेंब तिने आपल्या नातीच्या तोंडात घातले. नातीने असं तोंड वाकडं केलं की बायका खो खो हसल्या.

शेजारी जाणारा विषाणू दुबळाच राहिला तर कवच. पण आतड्यात वाढता वाढता त्याची गेलेली ताकद परत आली तर? हा विचार तिची पाठ सोडेना.

चौथ्या दिवशी बाटलीतला थर पुन्हा विरलेला होता.

डॉक्टर खुर्चीत बसूनच राहिले. नोंदवहीत तूर्तास ‘तपासणी चालू’ एवढंच लिहावं, परवा पाहणीला मंडळी येताहेत, ती गेली की बघू, असं ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "दोनच दिवस, बाई."

"तुम्ही थांबाल, डॉक्टर. तो थांबणार आहे का?"

तिने निकाल लिहिला, तारीख टाकली, सही केली. डॉक्टरांनी ती सही पाहिली. मग त्यांनी स्वतःच उठून कपाट उघडलं आणि नंबरांमागची नावं असलेलं मोहोरबंद पाकीट फोडलं. यादीवरून फिरणारं त्यांचं बोट एका जागी थांबलं. त्यांनी नाव वाचलं नाही, नुसता कागद तिच्याकडे फिरवला. तिथे तिच्या नातीचं नाव होतं.

तिने लेकीला फोन लावला. नात ठणठणीत होती, घरभर रांगत होती. तिच्या पोटात पहारा बसला होता. "शेजारची मात्र तापाने फणफणलीय चार दिवस," लेक म्हणाली. "तिला तेव्हा जुलाब होते ना, थेंब द्यायचे राहूनच गेले. दोघी दिवसभर एकाच सतरंजीवर असतात, आता हिलाही ताप येतो की काय."

डॉक्टरांनी तासाभरात चाचणी थांबवली, आरोग्य खात्याला कळवलं आणि वस्तीतल्या पोरांसाठी सुईची लस मागवली. वस्तीकडे निघालेल्या पहिल्याच गाडीत ती बसली.

लेकीची शेजारीण तिला बघून खूश झाली. ताप आत्ताच उतरला म्हणाली. "फक्त उभं राहायचा आळस करतेय बघा. तापाआधी तर धावत होती."

ती खाली बसली आणि सव्वा वर्षाच्या त्या पोरीला तिने मांडीवर घेतलं. डाव्या तळव्याला गुदगुली केली. पाय झटकन आखडला, पोर खिदळली. मग तिने उजव्या तळव्यावरून बोट फिरवलं. पोर खिदळतच राहिली. पाय जिथे होता तिथेच राहिला.

"काय झालं?" शेजारणीने विचारलं.

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचंय. मी बरोबर येते." तिने पोरीचा उजवा पाय हातात धरला. "हे दुखणं आमच्या घरातून आलंय गं. थेंबांतून. वाटेत सगळं सांगते, काही लपवणार नाही."

शेजारीण उठली. आत जाऊन पोरीचे बूट घेऊन आली आणि दारात तशीच उभी राहिली. बाईंनी ते तिच्या हातातून घेतले. उजव्या पायाची बोटं एकेक सरळ करून बुटात बसवली, बंद नीट बांधला, आणि पोरीला उचलून तिच्या आईच्या कडेवर दिलं.