बुडबुडा मधोमध आहे

मित्रांनो, मी एक जुनी पाणसळ आहे. लांबी बोटभर. फरशी सपाट बसली का हे बघायला गवंडी काचेची नळी ठेवतो ना, त्याच जातीची मी, फक्त अंगाने लहान. पोटात थोडे हिरवे पाणी आणि त्यात एक बुडबुडा, एवढाच माझा संसार. ते पाणीही आता उन्हाने फिकट झाले आहे.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, पण तिथले मला काही आठवत नाही. आठवतो तो हॉइटचा राकट अंगठा. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात शाळांच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली होती. निवृत्त झाल्यावर त्याने आणि त्याच्या बायकोने, मेव्हिसने, राहते घर विकले आणि पिकअपच्या मागे जोडून ओढायचे चाकांवरचे घर घेतले. त्या घराच्या पुढच्या अंगाला, खिडकीखाली, हॉइटने मला दोन स्क्रूंनी पक्के बसवले आणि म्हणाला, "आता ही खोटं बोलायची नाही."

नऊ वर्षे मी ते पाळले. चाकांवरची घरे लावायच्या नव्या जागेवर, म्हणजे कॅम्पवर, पोचलो की हॉइट पिकअपमध्ये बसून घर मागे मागे सरकवी आणि मेव्हिस माझ्यापाशी वाकून उभी राही. "मेव्हिस, बुडबुडा कुठंय?" तो खिडकीतून ओरडे. बुडबुडा पळतो ती बाजू उंच. ती "उजवीकडे" म्हणाली की डाव्या चाकाखाली फळी जाई. मी मध्यावर आले की हॉइट खाली उतरून माझ्या काचेवरची धूळ पुसे आणि "शहाणी आहेस" म्हणे. तेवढ्या शाबासकीवर माझे पुढचे शंभर मैल सुखात जात.

नवा आलेला माणूस घर कसे लावतो हे बघायला कॅम्पवरचे लोक खुर्च्या टाकून बसतात. फुकटची करमणूक. एकदा एका म्हाताऱ्याने मेव्हिसला विचारले, "लग्नाला किती वर्षं झाली?"

"एक्केचाळीस," ती म्हणाली. "पण गाडी लावतानाची त्यातून वजा करा."

एवढा आटापिटा सुखाच्या झोपेसाठी नव्हता. आमच्या घरातला फ्रीज गॅसवर चाले. घर कलले की त्याच्या आतला प्रवाह अडे आणि तो गार करायचे सोडून रुसून बसे. त्या फ्रीजमध्ये मेव्हिसची साखरेच्या आजाराची इंजेक्शने असत. म्हणून हॉइटला सपाट जमीन लागे, आणि 'चालतंय की' हे शब्द त्याच्या कानांना सोसत नसत.

मग दोन वर्षांपूर्वीचा ऑगस्ट आला. मेव्हिसचे पाय सुजू लागले होते. बेलार्ड गावातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता हिंडणं पुरे. दर आठवड्याला पाय दाखवायला या." म्हणजे गावाजवळचाच एखादा कॅम्प धरायचा होता. वाटले, हे काय, एका दिवसाचे काम.

पहिला कॅम्प नदीकाठी होता. तिथल्या लाल चिखलात चाक रुतले. दुसरा हमरस्त्याला लागून, जमीन सिमेंटची, माझा बुडबुडा अगदी मधोमध. पण विजेचा खांब बघून हॉइट म्हणाला, "ह्याची वायर जळालीय. इथं मी काडीसुद्धा पेटवणार नाही." तिसरा टेकडीवर. तिथे तीन फळ्या घालूनही मी उजवीकडेच. "इंजेक्शनं ठेवायचीत, भोपळे नाही," असे म्हणून त्याने पिकअप वळवला. दर वेळी मेव्हिस पाण्याची नळी गुंडाळी, खुर्च्या मिटी, कपाटांची दारे बांधी. चार दिवसांत तीन कॅम्प झाले. थकले तर मीही होते, पण मला पाय नव्हते.

चौथा कॅम्प मिस अर्लीनचा. ऐंशीची बाई, छोट्या गाडीतून आपल्या पिकनच्या, म्हणजे अक्रोडासारख्या फळाच्या, झाडांखाली हिंडे. "इथं संध्याकाळपर्यंत सावली," ती म्हणाली. "कुत्री भुंकत नाहीत. माणसं भुंकली तर मी बघून घेते." मेव्हिसने एका झाडाच्या खोडावर हात टेकला आणि बराच वेळ काढलाच नाही.

हॉइटने घर मागे घेतले. "मेव्हिस, बुडबुडा कुठंय?"

मित्रांनो, बुडबुडा पार उजव्या टोकाला होता. इतका कल बघितला असता तर हॉइटने फळ्यांना हातही न लावता पुढचा कॅम्प शोधला असता. मेव्हिसने माझ्याकडे पाहिले. तिचे घोटे बुटांवरून ओघळले होते.

"मधोमध," ती म्हणाली.

"पुन्हा बघ."

"बघितलं, हॉइट. मधोमध आहे."

त्याने ब्रेक ओढला; त्या दिवशी तो इतका दमला होता की माझी धूळ पुसायलाही आला नाही. मला वाचा असती तर मी ओरडले असते. रात्री जेवताना ताटलीतला वाटाणा घरंगळला असेल, चालताना त्याच्या पायांनाही कळले असेल. पण बायकोच्या शब्दापुढे त्याने पायांचे ऐकले नाही.

सकाळी हॉइट थेट माझ्यापाशी आला. हातात इंजेक्शनांची डबी होती आणि बोटांना फ्रीजमधले वितळलेले लोणी. तो वाकला. इतकी शरम मला कधी वाटली नव्हती. मेव्हिस पायरीवर येऊन उभी राहिली.

"हा कधीपासून इथं टोकाला आहे?" त्याने विचारले.

"कालपासून."

"आणि तू मला मधोमध म्हणालीस. इंजेक्शनं तुझी आहेत, मेव्हिस, माझी नाहीत."

"ठाऊक आहे. मी थकले, हॉइट. पाचवा कॅम्प माझ्याच्यानं होणार नाही. म्हटलं, औषध बिघडलं तर बिघडलं, एक दिवस बसायला तरी मिळेल."

"हे मला सांगायचं नाही का?"

"नऊ वर्षं तू बुडबुड्याचंच विचारलंस."

हॉइट पायरीवर बसला. त्याने हात विजारीला पुसले. मग उठून मिस अर्लीनकडे गेला आणि म्हणाला, "थोडा बर्फ हवाय. नवी इंजेक्शनं आणतो, ती त्यात राहतील. आणि एक फावडं."

"जमीन खणायला मनाई आहे, पाटीवर लिहिलंय," मिस अर्लीन म्हणाली. "पण ती वाचायला माझा चष्मा कुठं सापडतोय?"

गावातून इंजेक्शने आणून झाल्यावर हॉइटने घर थोडे पुढे ओढले आणि उजव्या चाकांच्या जागी जमीन खणायला घेतली. लाल माती दगडासारखी घट्ट. खुर्च्या टाकून बसलेले लोक तासभर बघत राहिले, मग त्यांतला एक उठला आणि आपले फावडे घेऊन आला. मेव्हिस पालथ्या बादलीवर पाय ठेवून सावलीत बसली होती. त्या दिवशी तिने एकही खुर्ची मिटली नाही.

दुपारी घर पुन्हा मागे घेतले. "मेव्हिस, कुठंय?"

"अजून उजवीकडे." पुन्हा खणणे. पुन्हा मागे.

"आता?"

ती माझ्यापाशी आली, वाकली आणि नीट बघितले. "आता मधोमध. खरंच."

त्या आठवड्यात हॉइटने घराखाली सिमेंटचे ठोकळे रचले आणि चाके काढून ठेवली. तेव्हापासून आम्ही हललो नाही. न हलणाऱ्या घराच्या पाणसळीला कोण विचारतो? माझ्या एका स्क्रूला गंज चढला आहे, आणि कोळ्याने माझ्यावरून जाळे ओढले आहे. कधी कधी फार एकटे वाटते.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंवरून वर्षातून एकदा फडके फिरवलेत तरी आमचे भागते. माणसांचे तेवढ्यावर भागत नाही. तुमच्याही घरात कोणीतरी रोज 'सगळं ठीक आहे' म्हणत असेल. त्यांच्या शब्दावर विसंबू नका, जवळ जाऊन बघा.

सकाळी माझ्या वरच्या खिडकीतून हॉइटचा आवाज येतो. "मेव्हिस, बुडबुडा कुठंय?"

घर दोन वर्षांत तसूभरही हललेले नाही. तरी ती आपल्या जिवाचे खरे काय ते सांगते. "आज जरा डावीकडे."

मग त्याची खुर्ची सरकते, आणि तिला उठू न देता कॉफीचे भांडे गॅसवर तो चढवतो.