माझ्या कपाळावरचे खोटे भोक

मित्रांनो, माझ्या कपाळावर जे भोक दिसते आहे ना, ते गोळीचे नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्याविषयी इतके खोटे बोलले गेले आहे की माझे डोके सणकले आहे. मी एक जुना पोलादी टोप आहे. लढाईत सैनिकाचे डोके वाचवणे हे माझे काम. ते मी चोख केले. तरीही मी नापास झालो, असे माझ्या कपाळावर कोरून ठेवले आहे.

माझा जन्म ज्या कारखान्यात झाला, तिथे आधी पातेली आणि बादल्या बनत. युद्ध सुरू झाले आणि त्याच यंत्रांवर आम्ही टोप घडू लागलो. एका दणक्यात पत्रा खोलगट झाला, आत कातडी पट्टी बसली, की झाला टोप तयार. माझ्यासारखे हजारो होते.

मी सैन्यात भरती झालेल्या एका गवंड्याच्या वाट्याला आलो. हडकुळा, तक्रारखोर माणूस. मी जड होतो, उन्हात तापायचो, म्हणून तो मला दिवसभर शिव्या घालायचा आणि सकाळी माझ्यातच पाणी घेऊन दाढी करायचा. एका दुपारी बाँबची ठिकरी सणसणत आली आणि माझ्या डाव्या अंगावर आदळून उडाली. मला मोठा पोचा आला. त्याने मला काढले, पोच्यावरून बोट फिरवले, हसला आणि मग बाजूला जाऊन ओकला. त्यानंतर त्याने मला कधी शिवी दिली नाही.

तो घरी परतला. पुढे कितीतरी वर्षे तो बांधकामावर मलाच घालून जाई. वरून विटांचे तुकडे पडत, चुन्याचे शिंतोडे उडत. गुडघ्यांच्या नावाने कुरकुरत, नातवंडांवर डाफरत तो म्हातारा झाला. एका सकाळी, चहा पाणचट झाला म्हणून सुनेशी भांडून, पुन्हा पांघरूण घेऊन झोपला तो उठलाच नाही. प्रत्येक सैनिकाला असे मरण मिळावे. माझी सगळी कमाई तेवढीच.

सुनेने मला भंगारात दिले. तिच्यावर माझा राग नाही. अडगळ कोणाला हवी असते? राग आहे तो जुन्या वस्तूंच्या एका दुकानदारावर. सारा बाजार त्याला 'मुलामा' म्हणे. त्याने मला उलटेपालटे करून पाहिले आणि नाक मुरडले.

"साध्याला गिऱ्हाईक नाही," तो पुटपुटला.

मग त्याने माझ्या कपाळावर ड्रिल चालवले. भोकाच्या कडा ठोकून आत वळवल्या, मिठाचे पाणी लावून गंज चढवला. आतली कातडी पट्टी धड होती. कपाळातून गोळी आरपार गेली आणि पट्टीला ओरखडाही नाही, हे कोणाच्याही ध्यानात आले असते. म्हणून त्याने ती ओरबाडून काढली. माझ्या माणसाचा जन्मभराचा घाम तिच्यात मुरला होता. ती कचऱ्यात गेली.

थोड्याच दिवसांत एका दवाखान्यातला कंपाउंडर दुकानात आला. त्याला जुन्या लष्करी टोपांचा संग्रह सुरू करायचा होता. पगार बेताचा, पण हौस दांडगी. पितळी तुऱ्यांचे, नक्षीचे टोप त्याच्या आवाक्याबाहेर होते. मुलामाने मला पुढे केले आणि आवाज खाली आणून सांगितले, "ह्याचा सैनिक जागच्या जागी गेला." कंपाउंडरचे डोळे चमकले. त्याने मला घेतले.

घरी बायको वैतागली. "अहो, पातेली ठेवायला जागा नाही, आणि हे काय उचलून आणलंत?"

त्याने ती गोष्ट सांगितली. ती जवळ आली. तिचा थोरला भाऊ लढाईवर गेला तो परतला नव्हता. त्याची एक वस्तूही घरी आली नव्हती. तिने भोकावर हळूच बोट ठेवले.

"कळलं असेल का हो त्याला?" तिने विचारले.

तेव्हापासून ती रोज सकाळी मऊ फडक्याने मला पुसू लागली. कधीकधी पुसताना 'दादा' म्हणायची. मी आतल्या आत धुमसत होतो.

पुढे कंपाउंडर दुसरा टोप घ्यायला निघाला. जोडी जमते का पाहावे, म्हणून त्याने मला पिशवीत घालून नेले. मुलामाच्या फळीवर तीन टोप होते. तिघांच्या कपाळावर, नेमके त्याच जागी, तसलेच भोक. कंपाउंडरने मला त्यांच्या शेजारी ठेवले आणि मुलामाकडे पाहिले.

मुलामा जराही ओशाळला नाही. "भोक मी पाडलं, मान्य. पण त्या दिवशी शेजारीच एक धड हेल्मेट होतं. ह्याच कारखान्याचं, ह्याच्याहून स्वस्त. तुम्ही त्याला हात तरी लावलात का? मेलेला माणूस तुम्हालाच हवा होता, साहेब."

कंपाउंडर मला घेऊन बाहेर पडला. त्या दिवसापासून माझ्या रागाला दोन धनी झाले.

घरी त्याने चकार शब्द काढला नाही. उलट दवाखान्यातल्या नव्या कारकुनालाही असाच संग्रह करायचा आहे असे कळल्यावर त्याला रविवारी घरी बोलावले आणि तीच गोष्ट पुन्हा रंगवून सांगितली. 'जागच्या जागी गेला,' हे शब्दही तेच. कारकून पाकीट काढणार, इतक्यात बायको आतून आली. तिने मला उचलून पोटाशी धरले.

"हे द्यायचं नाही. दादाचं माझ्याकडे काही नाही. निदान हे असू दे."

कंपाउंडरने मान खाली घातली. "अगं, ते भोक खोटं आहे. दुकानदारानं पाडलंय."

कारकुनाने पायांत चपला सरकवल्या आणि तो निघून गेला.

"कधी कळलं तुम्हाला?" तिने विचारले.

"गेल्या महिन्यात."

"आणि तरी रोज सकाळी मला हे पुसताना बघत होतात." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरे झाले असते. "मला खोट्या मरणावर रडवलंत, आणि वर ते दुसऱ्याच्या गळ्यात मारायला निघालात."

तिने मला फिरवले. डाव्या अंगावरच्या पोच्यावर तिची बोटे थांबली.

"हा तरी खरा आहे का?"

त्याने आतून निरखून पाहिले. "खरा असावा. आतला जुना रंग तडकलाय."

"म्हणजे हे ज्याच्या डोक्यावर होतं, तो वाचला?"

"वाचला असेल."

"मग तसं सांगा ना लोकांना," ती म्हणाली. "वाचलेल्या माणसाचं कोणाला काहीच नाही का?"

वाचला, बाई. वाचला, म्हातारा झाला, चहावरून भांडला. हे तिला सांगण्यासाठी मी काय वाटेल ते दिले असते.

आता मी त्यांच्या कपाटावर आहे. कोणी आले की कंपाउंडर आधी मुलामाची करामत सांगतो, मग पोचा दाखवतो. सांगताना त्याची मान वर होत नाही. बायको त्याच्याशी कामापुरतेच बोलते. मला ती आता पुसत नाही, आणि ते मला सगळ्यात जास्त झोंबते.

मित्रांनो, खिशात थोडे पैसे असतील तरी संग्रह खुशाल सुरू करा. फळीवरचा साधा, पोचे आलेला, कोणी न विचारलेला टोप हातात घ्या. त्याला घासू नका, रंगवू नका, त्याची पट्टी जपा. पण दुकानदाराला 'ह्यात कोण मेलं?' असे विचारू नका. तुम्ही विचारलेत, की तो आतल्या खोलीत जाऊन ड्रिल सुरू करतो.