आईच्या हाताच्या पेशी

आमच्या प्रयोगशाळेत मला सगळे ताई म्हणतात, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे असलेले सरसुद्धा. सख्खी ताई मी एकीचीच आहे, आणि तिला सगळे मॅडम म्हणतात.

ती धाकटी, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. आई तिला लहानपणी छकुली म्हणायची ते अजून चालूच आहे. डॉक्टरेट झाली, लग्न झालं, तिची मुलगी शाळेत जायला लागली, तरी घरी छकुलीच. दोन वर्षांपूर्वी ती आमच्याच प्रयोगशाळेत रुजू झाली. माझ्याकडे साधी पदविका, त्यामुळे खिडकीजवळचं टेबल तिला आणि कोपऱ्यातलं स्टूल मला, हे ओघानंच आलं. मी काही बोलले नाही. मी बोलत नाही, माझ्या नुसतं पोटात दुखतं.

माझं काम पेशी जिवंत ठेवण्याचं. सतरा वर्षं मी एकाच गाठीच्या पेशी वाढवते आहे. कुणा बाईच्या पोटातली कॅन्सरची गाठ होती. बाई केव्हाच गेली असेल, पेशी माझ्याकडे आहेत. प्लास्टिकच्या चपट्या फ्लास्कच्या तळाला चिकटून त्या वाढतात. वर गुलाबी मीडियम ओतलेलं असतं, ते त्यांचं जेवणखाण. दोन दिवसांत ते पिवळं पडतं, मग बदलायचं. तळ भरला की पेशी सुट्या करायच्या आणि चार नव्या फ्लास्कमध्ये वाटून द्यायच्या. आम्ही याला वाटणी म्हणतो. भावाभावांच्या वाटणीपेक्षा हिच्यात कटकट बरीच कमी.

साधी पेशी फार समजूतदार असते. शेजारीण अंगाला लागली की वाढायचं थांबते आणि ठरावीक वाटण्या झाल्या की म्हातारी होते. माझ्या पेशींना हे वळणच नाही. शेजारीण लागली की तिच्या अंगावर चढतात. गेली सतरा वर्षं त्या अशाच बेशिस्त वाढताहेत आणि मला त्यांचा अभिमान आहे. पाच जणांची संशोधनं त्यांच्यावर झाली. पाचही जणांनी छापील लेखाच्या शेवटी 'तांत्रिक साहाय्य' असं लिहून माझे आभार मानले.

आठ महिन्यांपूर्वी आईच्या दंडावरचा तीळ मोठा व्हायला लागला. आई माझ्याकडे राहते. तिला डॉक्टरांकडे मी नेलं, रजा मी टाकली, तीळ काढताना बाहेरच्या बाकावर दोन तास मी बसले. घाबरण्यासारखं काही निघालं नाही. पण तिळाभोवतीच्या चांगल्या कातडीचा एक तुकडा छकुलीनं आईकडून मागून घेतला होता, वाढवायला. दोघींचं फोनवर ठरलं, सहीचा कागदसुद्धा झाला. मला कळलं ते डॉक्टरांनी माझ्या हातात बर्फाचा डबा दिला तेव्हा. म्हणजे मी हमाल.

"अगं, मला विचारायचं तरी," मी आईला म्हटलं.

"तुला काय विचारायचं? दंड माझा आहे," आई म्हणाली. "आणि तुझ्याकडे आहेत की तुझ्या त्या."

छकुलीला बघायचं होतं की सत्तरीतल्या बाईच्या पेशी किती वाटण्या टिकतात. वीस-बावीस झाल्या की थांबतील, असा तिचा अंदाज. त्याच दिवशी मी मनाशी ठरवलं की तिच्या फ्लास्ककडे ढुंकूनही बघायचं नाही. तिला अडलं तर विचारील. तिनं विचारलंही एक-दोनदा, "ताई, जरा बघतेस का, बरोबर वाटताहेत ना?" मी म्हटलं, "मॅडम, आम्ही काय, पदविकावाले." ती हसली. नंतर तिनं विचारायचं सोडलं.

दुसऱ्या महिन्यात तिच्या मुलीला ताप आला आणि ती चार दिवस घरी राहिली. आईच्या पेशींचं मीडियम बदलायचं माझ्यावर आलं. मी बदललं. नियमानं बदललं असं मात्र म्हणता येणार नाही, आणि ते पुढे येईलच.

त्यानंतर सगळं बिनसलं, म्हणजे माझं. तिचं फारच उत्तम चाललं. आईच्या पेशी वाढायला लागल्या आणि थांबेचनात. वीस वाटण्या झाल्या, तीस झाल्या, चाळीस झाल्या. मीडियम दीड दिवसात पिवळं पडायचं. सर रोज सकाळी तिच्या टेबलाजवळ उभे राहायला लागले. पेशींचा आकार बदललाय, म्हणजे आतून काहीतरी मोठं घडलंय, असं दोघांचं मत झालं. म्हातारपण विसरलेली कातडी, असं सर एकदा म्हणाले आणि तो शब्द अख्ख्या इमारतीत फिरला. ओळख चाचणीचं, म्हणजे या पेशी नक्की कुणाच्या हे डीएनएवरून ताडून बघायचं, ते सरांनी परिषदेनंतर करू म्हटलं. घाई होती. मोठ्या परिषदेत छकुलीचं भाषण ठरलं होतं.

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घरी तर त्याहून. आई दंडावरचा व्रण शेजारणींना दाखवायची. "माझ्या छकुलीनं वाढवल्यात. मरतच नाहीत."

"माझ्याही मरत नाहीत, आई," मी एकदा म्हटलं. "सतरा वर्षं झाली."

"तुझ्या कॅन्सरच्या ना गं," आई म्हणाली आणि नाक मुरडून टीव्हीचा आवाज वाढवला.

सहा महिने मी हे पाहिलं, म्हणजे सगळं पाहिलं, फक्त फ्लास्कमध्ये पाहिलं नाही. इनक्युबेटर आमच्या दोघींचा एकच. वरचा खण तिचा, खालचा माझा. रोज दार उघडताना मी मान खाली घालून माझे फ्लास्क काढायचे आणि दार लावायचे. माणूस इतका हट्टी असू शकतो हे मला स्वतःवरूनच कळलं.

परिषद सोमवारी होती. गुरुवारी दुपारी सर म्हणाले, "ताई, मॅडमच्या फ्लास्कचे दोन-चार चांगले फोटो काढून द्या. तुमच्यासारखा फोकस कुणाला जमत नाही." छकुली भाषणाची तालीम करायला दुसऱ्या मजल्यावर गेली होती. आता नाही कसं म्हणायचं? मी वरच्या खणातला फ्लास्क काढला, मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि डोळा लावला.

त्या माझ्या होत्या.

कातडीच्या पेशी लांबट असतात, दोन्ही टोकांना निमुळत्या. इथे होत्या चौकोनी, फरशांसारख्या कडेला कडा लावून बसलेल्या. केंद्रकात दोन ठळक ठिपके. आणि डाव्या बाजूला गर्दी झाली होती तिथे एकीवर एक चढून बसल्या होत्या. सतरा वर्षं रोज ज्यांचं तोंड बघितलं त्या ओळखायला मला चाचणी कशाला हवी? इतरांनी माझ्या पेशी नेल्या त्या कुटायला, गाळायला. त्यांना चेहऱ्यानं ओळखणारी मी एकटीच. छकुलीनं तर त्या कधी पाहिल्याच नव्हत्या.

मी खुर्चीत बसले आणि आधी हसू आलं. सहा महिने जिच्यावर जळले ती वाढ माझ्याच पेशींची होती. मग हसू गेलं, कारण त्या तिथे कशा आल्या हे मला माहीत होतं.

आमच्या खोलीचा पहिला नियम आहे: एका जातीच्या पेशींची मीडियमची बाटली दुसरीला वापरायची नाही. काचेवर तो कागद चिकटवलाय, अक्षर माझंच. त्या चार दिवसांत मी माझ्या पेशींचं मीडियम बदललं. बाटलीत थोडं उरलं होतं. तिच्यासाठी नवी बाटली उघडायची माझी इच्छा नव्हती. मॅडमच्या पेशींना उरलंसुरलं चालेल, असं मी मनात म्हटलंसुद्धा, शब्द आठवतात. त्या उरल्यासुरल्यात माझ्या एक-दोन पेशी मीडियम काढायच्या नळीबरोबर गेल्या असणार. बास झालं. आईच्या म्हाताऱ्या पेशी पाच दिवसांत दुप्पट होतात, माझ्या एका दिवसात. आणि नियमानं मीडियम बदलण्याआधी फ्लास्क मायक्रोस्कोपखाली बघायचा असतो, तोही मी बघितला नव्हता.

मी फोटो काढले. चांगले आले. सरांना दिले.

खरं सांगायचं तर गुरुवारची संध्याकाळ मी मजेत घालवली. सोमवारी दोनशे माणसांसमोर ती उभी राहील, टाळ्या पडतील, मग कुणीतरी पेशी मागेल, चाचणी होईल, आणि मॅडमनं कॅन्सरच्या पेशींना आईची कातडी म्हणून मिरवलं हे जगजाहीर होईल. रजिस्टरमध्ये त्या चार दिवसांपुढे माझी सही होती, पण बाटलीचं रजिस्टरमध्ये कोण लिहितं? मला ते चित्र आवडलं. मी त्यात रंग भरत बसले.

घरी आई कपाटासमोर उभी होती. पलंगावर तिचे तीन चांगले कपडे काढून ठेवलेले.

"सोमवारी मी येणार आहे," ती म्हणाली. "छकुलीला विचारलं, ती म्हणाली चालेल. मला पुढच्या रांगेत बसव. आणि बाही आखूड हवी. कुणी विचारलं तर व्रण दाखवता आला पाहिजे."

माझ्या चित्रात आई नव्हती. आता ती पहिल्या रांगेत येऊन बसली, बाही वर करून.

मी जेवले नाही. आईनं दोनदा विचारलं, पित्त झालंय म्हणून सांगितलं.

शुक्रवारी मी छकुलीच्या आधी पोचले. ती आल्यावर दार लावून घेतलं आणि सांगितलं, "तुझ्या फ्लास्कमध्ये आईच्या पेशी नाहीत. माझ्या आहेत."

तिनं पर्स टेबलावर ठेवली. "ताई, सोमवारी माझं भाषण आहे."

"म्हणून तर सांगतेय."

"तुला खरंच बघवत नाही ना गं?" ती शांतपणे म्हणाली. "मला वाटायचं, माझ्याच मनाचे खेळ आहेत."

ते खरंच होतं. मी दोन मायक्रोस्कोप शेजारी शेजारी लावले. एकाखाली तिचा फ्लास्क, एकाखाली माझा. "बघ," मी म्हटलं.

ती बघत राहिली. या मायक्रोस्कोपवरून त्या मायक्रोस्कोपकडे, पुन्हा इकडे. चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं. तिची मान हळूहळू लाल होत गेली. लहानपणी शाळेत एखादं गणित चुकलं की अशीच व्हायची.

"माझ्याच हातून झालं असणार," ती शेवटी म्हणाली. "सुरुवातीला सवय नव्हती मला या खोलीची. तू सारखी सांगायचीस, बाटली वेगळी ठेव. कधीतरी चुकले असेन."

किती सोपं होतं. मी गप्प बसले असते तर तिनं स्वतःच सरांना जाऊन सांगितलं असतं, आणि सरांनी तिला ऐकवलं असतं, आणि मला म्हटलं असतं, ताई, तुम्ही होतात म्हणून वाचलो. तीन सेकंद मी त्या वाक्याची चव घेतली.

"तुझ्या हातून नाही," मी म्हटलं. "पोरीच्या तापाचे चार दिवस. माझी उरलेली बाटली वापरली. मुद्दाम मिसळल्या नाहीत. पण तुझ्यासाठी नवीन बाटली उघडायची नव्हती, ते मुद्दाम."

ती उठली, फ्रीझरच्या यादीची वही काढली आणि बोट फिरवत शोधायला लागली. त्या चार दिवसांच्या आधी आईच्या काही पेशी गोठवून ठेवल्या होत्या का, ते ती बघत होती. मीही जवळ जाऊन बघितलं. सगळ्यात जुनी कुपी त्या चार दिवसांनंतर अकरा दिवसांनी ठेवलेली होती. वही तिनं मिटली.

"म्हणजे आईच्या गेल्या."

"गेल्या."

"केव्हा गेल्या असतील?"

"तिसऱ्या महिन्यापर्यंत सगळ्या. माझ्या वाढतात, त्यांना जागाच मिळत नाही."

तिनं मान हलवली. भाषणाचं काय, सरांना काय सांगायचं, पुन्हा तुकडा मिळेल का, यातलं काहीतरी ती विचारेल म्हणून मी वाट बघत होते. शिव्या दिल्या असत्या तरी मला चाललं असतं.

"सहा महिने त्या बदलत होत्या," ती म्हणाली. "पहिल्या आठवड्यात ओळखलं असतंस तू. थोड्या तरी वाचल्या असत्या. तू एकदाही बघितलं नाहीस?"

"नाही."

"एकदाही?"

"फोटो काढेपर्यंत नाही."

तिनं तिचा फ्लास्क मायक्रोस्कोपखालून काढला आणि उजेडाकडे धरला. मीडियम पिवळं पडायला लागलं होतं.

"माझ्या म्हणून नको गं," ती म्हणाली. "आईच्या म्हणून तरी बघायचंस."

मग तिनं फ्लास्कचं झाकण काढलं, पेशी मारायला ब्लीचची बाटली शोधली आणि ओतायला जागा कर म्हणून मला सांगितलं. मी बेसिनपासून बाजूला झाले.