टाकीतून आलेलं गोड बोलणं

माझ्या बाबांनी मला आयुष्यात एकदाच ‘बाळा’ म्हटलंय. आणि तेवढ्यासाठी त्यांना अठरा फूट खोल टाकीच्या तळाशी, ओल्या रंगाच्या वाफेत, शुद्ध हरपायच्या बेतात जाऊन बसावं लागलं. त्याशिवाय ते काही जमलं नसतं.

बाबा रंगारी. भिंतींचे नाहीत, हं! भिंतींचे म्हटलेलं त्यांना खपत नाही. कारखान्यांच्या मोठमोठ्या लोखंडी टाक्या असतात ना, त्यांना आतून रंगाचा लेप देतात, म्हणजे लोखंड गंजत नाही. तो लेप जाड असतो. थिनर घालून तो पातळ करायचा आणि हवेच्या जोरावर गनमधून फवारायचा. लेप सुकतो म्हणजे काय होतं, तर त्यातलं थिनर उडतं. आणि बंद टाकीत उडून जाणार कुठे? तिथेच साठतं. म्हणून आत मोठ्या पंख्याची हवा सोडायची, एक जाडजूड पाइप थेट तळापर्यंत न्यायचा, आणि रंगाऱ्याने डोक्यावर बाहेरच्या हवेची टोपी घालायची. टोपी म्हणजे समोर काच आणि मागे हवेची नळी.

आमची टोळी तिघांची. बाबा आत. मामा हवा पुरवणाऱ्या कंप्रेसरवर, कानांवर आवाजबंद डबे लावून, त्यामुळे त्याच्याशी सगळं बोलणं हातवाऱ्यांनी. आणि मी वर, टाकीच्या तोंडावर. आत गेलेल्या माणसावर लक्ष ठेवणं हे माझं काम. मामा म्हणतो, एवढी तोंडाळ पोरगी दुसरीकडे कुठे बसवणार?

पण मला तिथे बसायचं नव्हतं. मला गन हवी होती. चार वर्षं मी मोकळ्या आवारात पाइप मारले, म्हणजे गनने रंगवले, फाटकं मारली, पत्र्याचे तुकडे तर किती मारले त्याला गणतीच नाही. माझा हात चांगला आहे, मी उगाच नम्रपणा करणार नाही. मामाने तर एकदा इकडेतिकडे बघून, बाबा जवळपास नाहीत अशी खात्री करून, मला अंगठा दाखवला होता. पण टाकीचं नाव काढलं की बाबा उखडायचे.

‘‘टाकीत? तू? माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही!’’

‘‘का पण?’’

‘‘का म्हणजे? नाही म्हणजे नाही. ऊठ कार्टे, थिनरच्या डब्याचं झाकण लाव!’’

झाकण लावलेलंच असायचं. पण बाबांचं बोलणं असंच. बोलतात ते खेकसतात, आणि खेकसत नसले तर झोपलेले असतात.

आमची एक रीत होती. दर दोन मिनिटांनी मी लाकडी हातोडीने टाकीवर ठकठक करायची. लाकडी अशासाठी, की लोखंडावर लोखंड आपटून ठिणगी पडली तर आम्ही तिघेही आभाळात. आणि ठकठक झाली की आतून बाबांनी मला एक शिवी हासडायची. हे कुणी ठरवलं नव्हतं. मी पहिल्यांदा ठोकलं तेव्हा आतून आलं, ‘‘मेलोय का मी? काम कर तुझं!’’ आणि तेच चालू राहिलं. टोपीतून बाबांचा आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा यायचा. तो आला की मी निवांत.

तर त्या दिवशी तळ मारायचा होता. भिंती झाल्या होत्या, झकास झाल्या होत्या. बाबांनी आत उतरून बघितलं आणि हवेचा पाइप उचलून शिडीच्या मधल्या पायरीला तारेने बांधून टाकला. कारण काय, तर तळाशी वाऱ्याने धूळ उडते आणि ओल्या रंगावर बसते. वाफ मोजायचा मीटरही, खाली रंगाने माखेल म्हणून, वर तोंडाशी टांगला.

मी म्हटलं, ‘‘बाबा, थिनरची वाफ जड असते. खाली बसते. कारखान्याच्या सेफ्टीवाल्या बाईंनी सांगितलं नव्हतं का?’’

‘‘बाईंना काय माहीत? तीस वर्षं हे नाक टाक्यांमध्ये आहे. वाफ वाढली तर आधी माझ्या नाकाला कळेल. त्या डबड्यापेक्षा माझं नाक बरं!’’

हे तेच नाक, आणि हे तेच बाबा. तीस वर्षं थिनरने हात धुऊन धुऊन त्यांच्या तळव्यांना भेगा पडल्या होत्या, आणि विचारलं की म्हणायचे, थंडीने फुटलेत. भर उन्हाळ्यात! मी आणखी भांडायला हवं होतं. मी तोंडाळ म्हणवते, आणि नेमक्या वेळी गप्प बसले. ती चूक माझी. ती मी कुणावर ढकलत नाही.

काम सुरू झालं. ठकठक.

‘‘जिवंत आहे! काम कर!’’

ठकठक.

‘‘ऐकलं! बहिरा नाही मी!’’

पुढच्या खेपेला आलं, ‘‘हो.’’ त्याच्या पुढच्या खेपेला, ‘‘हो गं.’’

आता ‘हो गं’ म्हटल्यावर मला खटकायला नको? पण मला वाटलं, रंग छान बसतोय, म्हणून खुशीत असतील. शिवाय आवाज किती स्वच्छ येत होता! माठातला नाही, अगदी समोर बसल्यासारखा. मला ते आवडलंसुद्धा. बाबांनी टोपी वर केलीय म्हणून आवाज स्वच्छ येतोय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. काचेवर रंगाचा फवारा बसला होता, आणि यांना स्वतःच्या डोळ्यांनी चकाकी बघायची होती. नंतर कळलं सगळं. वास येतोय का बघितलं म्हणे, तर येत नव्हता. येईल कसा? नाक केव्हाच बधिर झालं होतं. आणि हे गृहस्थ समजले, हवा स्वच्छ आहे.

ठकठक.

आतून गुणगुणणं आलं. बाबा गात होते! मी वाकून बघितलं. खाली दिव्याच्या उजेडात बाबा डोलत डोलत रंग मारत होते.

‘‘काय गं,’’ ते म्हणाले, ‘‘तुझी आई काय सुंदर आहे, नाही?’’

मी हसून हसून लोळायची बाकी राहिले. मामाला हातवारे करून सांगायला गेले, पण ‘बाबा आईला सुंदर म्हणाले’ हे हातवाऱ्यांनी सांगायचं कसं? त्याला वाटलं मला पाणी हवंय.

‘‘आणि तुझा मामा,’’ खालून आवाज, ‘‘सोन्यासारखा माणूस. मी उगाच त्याला ठोंब्या म्हणतो.’’ आणि बाबा खदखदून हसले. एवढे हसले की गन भिंतीला टेकवून उभे राहिले. मग त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले,

‘‘बाळा, ये ना खाली. ही गन आता तूच धर. तुझा हात माझ्याहून चांगला आहे. ये, बाळा.’’

अहाहा! काय सांगू तुम्हाला! माझं डोकंच हलकं झालं. चार वर्षं ज्या शब्दांची वाट बघितली, ते असे आपणहून वर चालत आले. मी दुसरं काही बघितलं नाही. उठले, एक पाय टाकीच्या तोंडातून आत टाकला आणि पहिल्या पायरीवर ठेवला. आतून उबदार, गोडसर वास वर येत होता. मलाही हसू फुटत होतं. कशाचं कोण जाणे, पण फुटत होतं.

आणि मग मनात आलं, बाळा?

पंचवीस वर्षांत मी कार्टी झाले, भवानी झाले, दिवटी झाले. तापाने फणफणले होते तेव्हासुद्धा ‘ए मरतुकडे, गोळी घे’ म्हणाले होते. बाळा? आणि माझा हात यांच्याहून चांगला? अहो, हा माणूस मेला तरी असं म्हणणार नाही! म्हणजे हे माझे बाबा बोलतच नव्हते. त्यांच्या तोंडून थिनर बोलत होतं.

सेफ्टीवाल्या बाईंनी आमच्याकडून एक गोष्ट दहा वेळा वदवून घेतली होती. वरच्याने खाली उतरायचं नाही. आत एक पडला तर एकच जातो, त्याला काढायला दुसरा उतरला तर दोघेही जातात.

मी पाय काढला. तो काढणं किती जड गेलं, ते माझं मला माहीत.

गळ्यातली शिट्टी फुंकली. दोन्ही हात डोक्यावर आपटत मामाला खूण केली, आणि या वेळी त्याला बरोब्बर कळली. त्याने गनची हवा तोडली, टोपीची हवा चालूच ठेवली, आणि धावत वर आला. बाबांच्या पट्ट्याला दोरी होती, दोरी वरच्या तिपाईच्या रहाटाला. आम्ही दोघे रहाटाला भिडलो.

‘‘अगं, कुठे नेतेस?’’ बाबा हवेत लोंबकळत विचारत होते. ‘‘किती मजा येतेय!’’

अर्ध्यावर आले आणि दोरी थांबली. बघते तर बाबांनी शिडीला मिठी मारलेली. ‘‘ही शिडी फार चांगली आहे,’’ ते मामाला समजावत होते, ‘‘हिला सोडून मी येणार नाही.’’

‘‘सोडा, बाबा! सोडा!’’ मी किंचाळत होते. ते हसत होते. त्यांचे ओठ फिके पडले होते, डोळे मिटत होते. ओढायचं कसं? हात तुटले असते त्यांचे. विनवण्या केल्या, शिव्या घातल्या, रडले. ढिम्म हलेनात. आणि मग मला सुचलं. कसं सुचलं देव जाणे.

‘‘बाबा! वरच्या कडेला रंग ओघळलाय!’’

बाबांचे डोळे उघडले. ‘‘ओघळ? माझ्या कामात? कुठे?’’

‘‘इथे! तोंडाशी! हातभर लांब!’’

त्यांनी शिडी सोडली. आम्ही रहाट असा फिरवला की बाबा बूच उडाल्यासारखे बाहेर आले. टाकीवर उताणे पडले, आकाशाकडे बघितलं, म्हणाले ‘‘छान आहे’’, आणि मामाच्या नव्या बुटांवर भडभडून ओकले.

दवाखान्यात नाकावर ऑक्सिजन लावला. डोकं फुटतंय म्हणत पडून होते. आई आली. मी तिला ‘सुंदर’वालं सांगितलं, तर ती घाबरलेली बाई लाजली आणि हळूच म्हणाली, ‘‘आणखी काय म्हणाले?’’ मी मात्र नुसती बाबांच्या तोंडाकडे बघत बसले होते. डॉक्टर येऊन गेले, आता बरं आहे म्हणाले, पण माझा विश्वास बसेना. बाबा नर्सला ‘‘आभारी आहे’’ म्हणाले तेव्हा तर माझा जीव पुन्हा खालीवर झाला.

दिवस कलता कलता त्यांनी डोळे उघडले.

‘‘ओघळ कुठे होता?’’

‘‘नव्हता. खोटं बोलले मी.’’

‘‘खोटारडी कार्टी! बापाच्या कामाला नावं ठेवतेस? लाज नाही वाटत?’’

मी रडायलाच लागले. एवढा आनंद मला कधीच झाला नव्हता.

घरी कुणी काही विचारायला गेलं की बाबा म्हणायचे, ‘‘ते मी नाही, ते थिनर बोललं.’’ आईच्या बाबतीतही तेच, त्यावरून दोन दिवस अबोला झाला. मी गनचं नाव काढलं नाही. काढणार कोणत्या तोंडाने? त्यांचा होकार खरा नाही, हे ओळखूनच तर मी त्यांना बाहेर काढलं होतं. तो होकार मीच खोटा ठरवला होता.

डॉक्टरांनी बाबांना पंधरा दिवस टाकीत उतरायला मनाई केली होती. कारखान्याला तळ पुरा करून हवा होता. नवव्या दिवशी आम्ही तिघे टाकीवर चढलो. सेफ्टीवाल्या बाई सगळं तपासून, बाबांना चांगलं फैलावर घेऊन गेल्या होत्या. हवेचा पाइप बाबांनी आमच्याकडून थेट तळापर्यंत सोडून घेतला. मीटर खाली सोडून आकडा वाचला. पुन्हा वाचला. मग पट्टा उचलला आणि माझ्या अंगाला लावायला लागले. असा आवळला की माझा श्वास अडला.

‘‘बाबा?’’

‘‘गप्प. पाय आत टाकला होतास ना त्या दिवशी?’’

मला वाटलं होतं, त्यांना काही आठवत नसेल. ‘‘एकच.’’

‘‘आणि काढलास.’’

‘‘हो.’’

‘‘मी एवढं गोड बोललो, तरी काढलास.’’ त्यांनी दोरीची कडी अडकवली, ओढून बघितली. ‘‘तुझ्या वयाचा असताना मी काढला नसता. उडीच मारली असती.’’ मग टोपी माझ्या डोक्यावर दाबली आणि काचेवर भेगाळलेल्या बोटाने टकटक केली. ‘‘ही वर करायची नाही. काच माखली तर बाहेर यायचं. आणि मी ठोकलं की आतून मला शिवी द्यायची. खणखणीत. गोड बोललीस की ओढून काढीन!’’

मी उतरले. तळाला पाय टेकले, गन उचलली, आणि रंगाचा पहिला पट्टा सरळ, ओला, चकचकीत बसला. काय सांगू! ऊर भरून आला. बाबांना ओरडून सांगावंसं वाटलं की तुम्ही जगातले सगळ्यात चांगले बाबा आहात. अगदी ओठांवर आलं होतं.

ठकठक.

मी ते शब्द गिळले. ‘‘काय सारखं ठोकताय?’’ मी टोपीतून गरजले. ‘‘मेलेय का मी? काम करा तुमचं!’’

आणि वर बाबांनी ताणून धरलेली माझी दोरी जराशी सैल सुटली.