उतरत्या उन्हात भेटत नाहीत

छोंगछिंगला उतरल्या उतरल्या युनश्या हरवली. भाची निंगनिंग स्टेशनवर घ्यायला येणार होती, तर बाईंनी फोनवरच तिला झापलं, "मी काय दूधखुळी आहे? तू बापाजवळ बस." आमच्या शांतुंग प्रांतातल्या बायका अशाच. साठी उलटल्यावर पहिल्यांदा एकटी एवढ्या लांब निघाली, पण ताठा कणभर कमी नाही.

हे शहर मात्र कुणाच्या ताठ्याला भीक घालत नाही. तळमजल्यावरून बाहेर पडावं तर रस्ता, लिफ्टने अकरा मजले वर जावं तर तिथेही रस्ताच, आणि त्यावरून बसगाड्या धावतायत. फोनमधला नकाशा म्हणत होता पोचलात, आणि भावाला ठेवलेलं रुग्णालय कुठेतरी पुलाखाली. सुकवलेल्या लाल बोरांची पिशवी सांभाळत ती पायऱ्या उतरली, चढली, पुन्हा उतरली. सकाळीच पोचायचं होतं. फाटकासमोर आली तेव्हा दुपार कलली होती.

आणि दुपारनंतर आजाऱ्याला भेटायला जात नाहीत. आमच्याकडे शेंबडं पोरही हे सांगेल. चढत्या उन्हात गेलं तर आजारी माणूस उठतो, उतरत्या उन्हात गेलं की त्याचा जीवही उतरणीला लागतो.

आई गेल्यावर धाकट्या भावाला, देलिनला, युनश्यानेच वाढवलं होतं. तोच भाऊ इकडे छोंगछिंगला येऊन घरजावई झाला आणि मुलीलाही आपलं छ्याओ सोडून बायकोचं रान हे आडनाव लावलं. नव्या वर्षाला तो तान्ह्या लेकीला घेऊन गावी आला, तेव्हा युनश्याने दार उघडलं नाही. आतूनच ओरडली, "छ्याओंच्या घरात रानांचं काय काम?" थंडीत बराच वेळ उभा राहून तो परत गेला. नंतरही दरवर्षी त्याचा फोन यायचा, "ताई, एकदा माझं घर बघायला ये." ही एकदाही आली नाही. आता तो आजारी पडला तेव्हा निघाली, त्याच्यासमोर बसून 'चुकलं माझं' एवढं म्हणायला.

तिने निंगनिंगला फोन लावला.

"आत्या, पोचलीस? ये ना मग वर."

"आता? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? सकाळी येते. कसा आहे तो?"

निंगनिंग म्हणाली, "बरे आहेत. पेज घेतली थोडी. फोन देऊ का त्यांना?"

"नको. मला जे बोलायचंय ते फोनवर बोलायचं नाही."

खरं तर देलिनने कालपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. पण आत्याचा रक्तदाब, त्यात परकं शहर आणि एकटी बाई, म्हणून आईने निंगनिंगला बजावलं होतं की उगाच घाबरवू नकोस. वाईट बातमी झाकून ठेवायची, यालाच आम्ही माया म्हणतो.

रुग्णालयासमोरच एक खानावळ होती, वर राहायची सोय. मालकीणबाई तोंडाळ होती.

"बिनतिखटाचे नूडल्स? ते आम्ही बाळंतिणीलासुद्धा देत नाही, थोरल्या ताई!"

युनश्याला हसू आलं आणि ती सगळं सांगून बसली. मालकीणबाईने कपाळावर हात मारला. "अहो, माझी सासू रोज संध्याकाळी गल्लीतल्या आजाऱ्यांना भेटत फिरायची. एक मेला नाही. उलट तिला टाळायला लवकर बरे व्हायचे! उठा, जाऊन या."

युनश्या उठली. रस्ता ओलांडला, थेट फाटकापर्यंत गेली. वर एवढ्या खिडक्या, त्यातली देलिनची कुठली कोण जाणे. आपण आत गेलो आणि त्याचं काही बरंवाईट झालं तर? एकदा दार लावून त्याला दुखवलं, आता रीत मोडून त्याचा जीव घ्यायचा? ती माघारी फिरली. मला तिचा राग येतो, पण तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

सकाळी उजाडल्यावर तोंड धुऊन, केस नीट विंचरून ती निघाली. निंगनिंग फाटकातच उभी होती, दंडावर काळी पट्टी.

युनश्या पट्टीकडे बघत राहिली. "कधी?"

"काल. ऊन होतं अजून." निंगनिंगने तिचा हात धरला. "आत्या, मी खोटं बोलले गं, रात्रीही कळवलं नाही. मी खाली येऊन तुला ओढत न्यायला हवं होतं."

"त्याला माहीत होतं, मी आलेय ते?"

"सांगितलं मी. किती खूश झाले! मी म्हटलं, बोलावते तिला वर. तर मलाच दटावलं. म्हणाले, नको, दुपारी आली आणि मला काही झालं, तर ती जन्मभर स्वतःला दोष देत बसेल. सकाळपर्यंत काढतो मी कसंतरी."