पैलवानाचं वजन

टिचकू तीन महिने आधीच जन्माला आला. "आमच्या घरात वेळेवर येणारं एक माणूस नाही, आणि हा बघा, उतावळा नवरा!" असं त्याची थोरली बहीण भेटेल त्याला सांगत सुटली होती. आज तर तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. काचेच्या पेटीतल्या टिचकूचं वजन सलग दुसऱ्या दिवशी वाढलं होतं. गाल टम्म, पापण्यासुद्धा गुबगुबीत!

"सिस्टर, बघा आमचा पैलवान!"

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी टिचकूचं डायपर काढून काट्यावर ठेवलं, मग एक कोरं ठेवलं. दोन्ही वेळा काटा तिथल्या तिथे.

"अय्या, शूसुद्धा मोजता?"

"इथे तीच खरी कमाई, ताईसाहेब." सिस्टरांनी टिचकूच्या पायावर अलगद बोट दाबलं. खळगा पडला, तो भरेचना. "पोटात असताना बाळाचं रक्त आईच साफ करते, वारेतून. बाळाच्या किडन्या तेव्हा नुसत्या घडत असतात. शेवटच्या महिन्यापर्यंत त्यांत बारीक बारीक गाळण्या तयार होत राहतात. हा अर्ध्या गाळण्या घेऊन आला, आणि त्यात जन्मताना श्वास कोंडला."

"पण वजन वाढलंय ना?"

"पाणी आहे गं ते. आत जातंय, बाहेर पडत नाही."

"मग ते रक्त साफ करायचं मशीन लावा! शेजारच्या काकांना लावतात की."

"काकांच्या नसा आणि ह्याच्या नसा... औषधं देऊन झाली. डॉक्टरांनी काल तुझ्या बाबांना सगळं सांगितलंय."

काल बाबांनी बिनमिठाची भाजी मुकाट्याने खाल्ली होती. थोरलीला तेव्हा वाटलं होतं, बाबा सुधारले!

खालच्या मजल्यावर आई टाके सांभाळत उशीला टेकून बसली होती. तिला अजून जिना चढायची परवानगी नव्हती.

"आलं आमचं वर्तमानपत्र! काय गं, वाढलं का आज?"

घरात तोंडाची तोफ म्हणून थोरलीची ख्याती. आज तोफेत दारूच नव्हती.

"वाढलंय," ती म्हणाली. "खूप."

"वाटलंच मला! लबाड, आईचं दूध बरोबर लागतंय त्याला." आईने उशाशी झाकून ठेवलेली दुधाची इवलीशी बाटली तिच्या हातात दिली. तळाला जेमतेम दोन चमचे. "सकाळपासून एवढंच जमलं. जा, पळ, कोमट आहे तोवर नेऊन दे."

थोरली बाटली छातीशी धरून जिन्यापाशी आली आणि पहिल्याच पायरीवर बसून राहिली. बाटली हळूहळू गार होत गेली.